कोकणातल्या दमट हवेत जुने कॉमिक्स कसे जपायचे

इंद्रजाल, चांदोबा, अमर चित्र कथा, जुने दिवाळी अंक, पेपरातून कापून ठेवलेल्या चिंटूच्या पट्ट्या, यातलं काहीही तुमच्या घरात असेल आणि घर अलिबाग ते सावंतवाडी या पट्ट्यात कुठेही असेल तर हे सगळं नीट वाचा. कॉमिक्स जपायचे म्हणून नेटवर जे सल्ले मिळतात ते बहुतेक कोरड्या हवेत राहणाऱ्या लोकांनी लिहिलेले असतात. प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड चिकटवा, कपाटात ठेवा, झालं. आपल्याकडे जूनमध्ये असं केलंत तर गणपतीला पिशवी उघडेपर्यंत कव्हरवर बुरा आलेला असतो, कारण कागदात मुरलेली ओल तुम्ही कागदाबरोबरच आत कोंडलेली असते. मला जे सांगायचंय ते हेच आहे की कशात पॅक करता यापेक्षा कधी पॅक करता ते कोकणात जास्त महत्त्वाचं आहे, बाकीचं सगळं त्याच्यामागून येतं.

आणि हे आत्ताच करायला हवं. इंद्रजाल १९६४ च्या मार्चमध्ये सुरू झालं आणि १९९० ला बंद पडलं, म्हणजे अगदी शेवटचा अंकसुद्धा आता पस्तिशीच्या पुढे गेलाय. मराठी चांदोबा १९५२ पासूनचा. इंद्रजालवरची बी. गोविंद यांनी रंगवलेली वेताळाची, म्हणजे फँटमची, ती सुरुवातीची कव्हरं, चांदोबात शंकर यांनी काढलेला खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेऊन चाललेला विक्रम राजा, हे पुन्हा त्याच कागदावर, त्याच शाईत कोणी छापून देणार नाहीये. आहे ते टिकवायचं.

आधी कागद ओळखा

सगळे अंक एका जागी काढा आणि कागदाप्रमाणे वेगळे करा, प्रकाशकाप्रमाणे नको, वाचायच्या आवडीप्रमाणे तर नकोच. साधारण तीन ढीग होतात.

पहिला ढीग न्यूजप्रिंटचा, म्हणजे इंद्रजालची आतली पानं, जुने चांदोबा, पेपरची कात्रणं. हा कागद लाकडाच्या लगद्यापासून केलेला असतो, त्यात लिग्निन राहिलेलं असतं, ते उजेडात आणि हवेत पिवळं पडतं आणि कागदात आम्ल तयार होऊन पान ठिसूळ होत जातं. दुसरा ढीग जरा जाड, पांढऱ्या कागदाचा, नंतरच्या अमर चित्र कथा वगैरे, हे सगळ्यात सोपे. तिसरा ढीग गुळगुळीत आर्ट पेपरचा, म्हणजे दिवाळी अंकातली रंगीत पानं आणि बरीच कव्हरं. या कागदावर मातीसारखा लेप असतो आणि तो ओला झाला की पानं एकमेकांना अशी चिकटतात की मग सुटतच नाहीत. म्हणून पाणी लागलं तर सगळ्यात आधी धावायचं ते या तिसऱ्या ढिगाकडे, हे आत्ताच डोक्यात पक्कं ठेवा.

कोणी बाइंडिंग करून ठेवलेले गठ्ठे मिळाले, आजोळी किंवा गावच्या वाचनालयाच्या जुन्या साठ्यात असे बरेचदा मिळतात, तर ते उसवू नका. बाइंडरने कडा कापलेल्याच असतात, त्या परत येणार नाहीत, उलट त्या जाड पुठ्ठ्यामुळे आतली पानं उजेडापासून वाचलेली असतात.

हवा मोजा, अंदाज नको

डिजिटल हायग्रोमीटर घ्या. छोटे असतात, चार-पाचशे रुपयांत येतात, दोन घ्या, एक खोलीत आणि एक डब्यात. तो हवेतला दमटपणा टक्क्यात दाखवतो. बुरशीला साधारण ६५ टक्क्यांच्या वर दमटपणा सतत मिळाला की ती धरते, म्हणून आपल्याला डब्याच्या आत ४५ ते ५५ च्या मध्ये राहायचंय. पावसाळ्यात खोलीतला आकडा ८५-९० ला जाऊन बसतो, तो बघून घाबरायचं नाही, खोली कोरडी करायला आपण निघालेलो नाही, फक्त डबा कोरडा ठेवायचाय.

स्वस्तातले मीटर कधीकधी पाच-सात टक्के चुकीचं दाखवतात. तपासायची पद्धत घरगुती आहे पण अगदी शास्त्रशुद्ध आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूइतकं ओलं करा, विरघळवायचं नाही. ते झाकण आणि मीटर एका झिप बॅगेत न सांडता ठेवा, बॅग बंद करा आणि रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी आकडा ७५ यायला हवा, कारण ओल्या मिठाच्या वरची कोंडलेली हवा तिथेच येऊन स्थिर होते. ७० दाखवला तर तुमचा मीटर पाच कमी दाखवतो, मागे चिकटपट्टीवर लिहून ठेवा आणि पुढे तेवढे मिळवून वाचा.

कागदाची आगोट मे महिन्यात नाही, फेब्रुवारीत

मिरगाच्या आधी घराघरात आगोटीची गडबड असते, लाकडं भरायची, सुकी मासळी भरायची, कौलं शाकारायची, त्यातच लोक पुस्तकंही बांधून ठेवतात. कागदासाठी हे फार उशिरा होतं. मे महिन्यात आपल्याला ऊन दिसतं पण हवा तोवर चांगलीच दमट झालेली असते, अंगाला घामाचा जो चिकचिकाट येतो तो त्याचाच. कोकणात हवा खरी कोरडी असते ती डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर, फार तर मार्चचे पहिले दिवस. त्यातही पहाटे दव असतं तेव्हा नाही, आणि दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो तेव्हाही नाही, मधले जे तास असतात, ऊन वर आलेलं आणि मतलई अजून वाहतेय, ते तास धरा. मीटर बघून खात्री करा, ५५ च्या खाली आकडा दिसला की कामाला लागा.

आता वाळवायचं म्हणजे उन्हात ठेवायचं नाही हं. उन्हाने न्यूजप्रिंट काही दिवसांत पिवळा पडतो आणि लाल-पिवळे रंग उडतात. घराच्या आत, सावलीत, दारं खिडक्या उघडी ठेवून अंक उभे करून पंख्यासारखे थोडे फुलवून ठेवा, छताचा पंखा मंद. संध्याकाळी खारी हवा यायच्या आत उचलून मोठ्या डब्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. चार-पाच दिवस असं चालू द्या. कागद स्वतःच्या वजनाच्या साधारण पाच ते आठ टक्के पाणी एरवीही धरून असतो, म्हणजे दहा किलोच्या डब्यात अर्धा लीटरहून जास्त पाणी तुम्हाला न दिसता बसलेलं असतं! म्हणूनच बुटाच्या खोक्यातून निघालेली सिलिकाची ती चिमुकली पुडी ओल्या कागदापुढे काही करू शकत नाही, तिच्यावर भरवसा ठेवू नका.

पिना

या कामाला वेळ द्या कारण खाऱ्या हवेत पहिला बळी पिनेचाच जातो. अंक मधोमध उघडा आणि पिनेभोवती बघा. नुसती काळपट पिन असेल तर राहू द्या. पिनेभोवती तपकिरी डागाचं वलय पसरायला लागलं असेल तर ती काढायची, कारण गंज कागद खातो आणि मग मधलं पान त्याच जागी फाटून सुटं होतं.

काढायची अशी. अंक मधल्या पानावर उघडून टेबलावर सपाट ठेवा, पिनेची दुमडलेली दोन टोकं आपल्याकडे वर. कागद आणि टोकाच्या मध्ये जाड पोस्टकार्डाचा पातळ तुकडा सरकवा, म्हणजे हत्यार कागदाला लागणार नाही. मग बोथट पातळ सुरी किंवा नखं कापायच्या कटरची चपटी पट्टी घेऊन एकेक टोक हळू उचलून सरळ उभं करा. एका झटक्यात नको, गंजलेली पिन तिथेच तुटते आणि तुटलेला तुकडा कागद फाडतो. दोन्ही टोकं उभी झाली की अंक उचलून मागच्या कण्याकडून पिन बाहेर ओढा. गंजाची पूड मऊ ब्रशने झटकून टाका, पुसू नका, पुसलं की डाग पसरतो. नंतर त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा सुईने घालून आतल्या बाजूला सैलसर गाठ मारा. नवीन पिन मारायचा मोह होतो पण साधी पिन मारलीत तर तीसुद्धा पुन्हा गंजणारच.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, कधीच नाही. काही वर्षांत तो पिवळा होतो, पट्टी सुटते आणि चिकट डाग पानात कायमचा मुरतो. आधीच लावलेला असेल तर ओढून काढायला जाऊ नका, सोबत छापील चित्रही निघून येतं. मैद्याच्या पातळ खळीने टिश्यूसारख्या अगदी पातळ कागदाची पट्टी मागच्या बाजूने लावता येते, पण खळ जेमतेम हवी. बाइंडिंगवाले कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, ते आपल्या कामाला नको, विषारी आहे आणि त्यातलं तांबं कागदालाही सोसत नाही. आणि लॅमिनेशन? अजिबात नाही, एकदा केलं की तो अंक परत मिळत नाही.

पिशवी, डबा, सिलिका

पिशवी पॉलिप्रॉपिलीनची घ्या, ती पारदर्शक, खडखडीत आवाज करणारी, बिनवासाची. मऊ, जाडसर, नव्या रेनकोटसारखा वास येणारं प्लास्टिक पीव्हीसी असतं, ते शाईला चिकटतं आणि त्यातून हळूहळू आम्ल बाहेर पडतं, ते घरात असेल तरी वापरू नका. मापाला आपलाच अंक धरा आणि प्रत्येक बाजूला सेंटिमीटरभर जास्त घ्या. मागे आधाराला बोर्ड घालायचा तर ॲसिड-फ्री लिहिलेलाच, खोक्याचा तपकिरी पुठ्ठा नको, तो न्यूजप्रिंटपेक्षा वाईट. बोर्ड नाही मिळाला तर नसू दे, नुसती पिशवी चालते.

पिशवीचं तोंड चिकटवू नका, नुसतं दुमडा. हवाबंद करायचाय तो बाहेरचा डबा. झाकणाला रबराची रिंग आणि चारी बाजूंना क्लिप असलेला प्लास्टिकचा डबा घ्या, २०-२५ लिटरचा, त्याहून मोठा घेतलात तर भरल्यावर उचलवत नाही. अंक उभे ठेवा, सैल नको आणि कोंबलेले पण नको. आडवे ठेवायचे तर दहा-पंधराची चळत करा आणि निम्म्यांचा कणा डावीकडे, निम्म्यांचा उजवीकडे, कारण कण्याकडून अंक जाड असतो, एकाच बाजूला कणे आले की चळत तिरकी होऊन सगळेच वाकतात.

सिलिका जेल सुट्टी मिळते, किलोवर. एका डब्याला पाव ते अर्धा किलो, सुती कापडाच्या दोन थैल्यांत शिवून. रंग बदलणारी घ्या, निळी असेल तर ओल शोषली की गुलाबी होते, नारंगी असेल तर हिरवट पडते. निळीमध्ये कोबाल्टचा क्षार असतो, तो विषारी, म्हणून घरात मुलं असतील तर नारंगीच घ्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवली की परत कोरडी होते आणि अशी वर्षानुवर्षं चालते. तापवायला स्वयंपाकाची भांडी वापरू नका. पावसाळ्यात साधारण महिन्याने एकदा बघा, डब्यातला मीटर ५८-६० च्या पुढे गेला की थैली बदलायची वेळ झाली.

तांदूळ, कोळसा, चुना हे उपाय बरेच जण सांगतात. तांदळाने किडे येतात, कोळसा फार थोडं शोषतो, कळीचा चुना ओला झाला की तापतो आणि कागद जाळतो. कपाटात टांगायचे ते पाणी जमा होणारे डबे कपाटाच्या तळाशी ठीक आहेत पण अंकांच्या डब्यात नकोत, सांडलं तर खारट पाणी थेट कागदावर.

ठेवायचं कुठे

माळ्यावर नाही. एप्रिल-मेमध्ये कौलांखाली भट्टी होते, जुलैत एखादं कौल सरकलं की धार, आणि उंदीर बारा महिने. पडवीत नाही, झड आत येते. नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीवर आपटतो आणि जांभ्याचा चिरा पाणी पितो, म्हणून त्या भिंतींना लागून कपाट नको. माजघरातली, चारी बाजूंनी खोल्या असलेली आतली भिंत सगळ्यात चांगली. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब, आणि डबा खालून दुसऱ्या-तिसऱ्या फळीवर. नदीकाठी किंवा खाडीकाठी घर असेल तर त्याहून वर, २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी कुठवर चढलं होतं ते आठवा आणि त्या हिशोबाने फळी ठरवा.

कपाटात बल्ब लावायची जुनी युक्ती आहे, साधा तारेचा बल्ब तापतो आणि आतली हवा कोरडी वाटते, पण कागदाशेजारी तापलेला बल्ब मला पटत नाही, आणि एलईडी तर तापतच नाही त्यामुळे त्याचा काही उपयोगही नाही.

कसर आणि वाळवी

कसर ओल असेल तिथे येते, डबा कोरडा ठेवलात तर निम्मं काम झालं. डांबराच्या गोळ्या टाकू नका, वास कागदात बसतो, पुढे वाचताना डोकं दुखतं. वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेवायला हरकत नाही, जुन्या लोकांनी पोथ्यांसाठी तेच केलं, कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर कडकडीत वाळलेला, ओलसर पाला म्हणजे स्वतःहून ओल आत नेणं.

रद्दीवाल्याकडून किंवा कोणाच्या घरून नवा गठ्ठा आणलात तर तो थेट आपल्या अंकांत मिसळू नका. घट्ट झिप बॅगेत घालून, हवा काढून, डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, उणे १८ अंशाला किडे आणि बरीचशी अंडी मरतात. बाहेर काढल्यावर बॅग लगेच उघडू नका, पूर्ण दिवस तशीच ठेवा, नाहीतर गार कागदावर हवेतलं पाणी जमतं. वाळवीचा मातीचा बोगदा भिंतीवर दिसला तर मात्र हे घरगुती उपाय सोडा आणि कीडनियंत्रणवाल्याला बोलवा.

पावसाळ्यात वाचायचं की नाही

वाचायचं! बाहेर पाऊस कोसळतोय आणि हातात इंद्रजालचा बहादूर आहे, याच्यासारखं सुख नाही, आबिद सुरतींनी १९७६ मध्ये त्याला आणला तेव्हा आपल्या मातीतला, जीन्स-कुडत्यातला हिरो बघून किती मुलं खुळावली असतील. फक्त एका वेळी दोन-तीनच अंक काढा, डबा लगेच बंद करा, हात कोरडे, आणि त्याच दिवशी परत आत. रात्रभर उशाशी राहिलेला अंक सकाळी हाताला मऊ लागतो, तो तसाच डब्यात टाकला की त्याची ओल बाकीच्यांना मिळते. राहिलाच बाहेर तर वेगळ्या छोट्या डब्यात भरपूर सिलिकाबरोबर दोन दिवस ठेवा आणि मगच मोठ्या डब्यात.

मुलांना अमर चित्र कथेच्या नव्या आवृत्त्या आणून द्या, त्या मिळतात, आणि मनसोक्त वाचू द्या, फणसाच्या हाताने वाचल्या तरी चालतील. जुन्या प्रती आपण सोबत बसून दाखवायच्या, राम वाईरकरांची रेषा आणि प्रताप मुळीकांची रेषा शेजारी शेजारी ठेवून, मुलांना फरक लगेच कळतो.

बुरा आला किंवा अंक भिजला तर

बुरा दिसला की तो अंक आधी बाकीच्यांपासून लांब करा. ओल्या बुऱ्याला हात लावू नका, पुसू नका, डेटॉल वगैरे तर नाहीच. सिलिकाच्या डब्यात ठेवून पूर्ण कोरडा होऊ द्या, मग उघडिपीच्या दिवशी अंगणात, एन-९५ मास्क लावून, वारा पाठीमागून येईल असं उभं राहून मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने झटका. डाग राहील, राहू दे, बुरशी पुढे वाढायची थांबली हे महत्त्वाचं.

भिजला तर तुमच्याकडे साधारण ४८ तास असतात, त्यानंतर बुरशी धरते. थोडेच अंक असतील तर पानांमध्ये टिपकागद किंवा कोरे पांढरे कागद घालून पंख्याखाली ठेवा, दर दोन तासांनी कागद बदला. छापील पेपर मध्ये घालू नका, त्याची शाई उठते. आर्ट पेपरची पानं असतील तर ओली असतानाच हळू सोडवून मध्ये बटर पेपर सरकवा, वाळल्यावर काही करता येत नाही. अंक खूप असतील आणि एकदम जमणार नसेल तर झिप बॅगेत घालून फ्रीजरमध्ये टाका, गोठल्यावर वेळ थांबतो, मग आठवड्याने, महिन्याने, सवडीने एकेक काढून वाळवा. पुरात लाइट गेलेली असते, तेव्हा मासळीसाठी असते तशी थर्माकोलची कोरी पेटी आणि बर्फ घेऊन ज्या नातेवाइकांकडे लाइट आहे तिथपर्यंत पोचवा.

कात्रणं आणि स्कॅन

पेपरचा कागद सगळ्यात आधी जातो. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ पासून सकाळमध्ये यायचा, वहीत डिंकाने चिकटवलेल्या त्या पट्ट्या आता चहाच्या रंगाच्या झाल्या असतील. त्या वहीतून उपटू नका, आधी स्कॅन करा. रेषांच्या चित्राला ६०० डीपीआय, रंगीत पानाला ३०० पुरतं. पान स्कॅनरवर ठेवल्यावर त्याच्या मागे काळा कागद ठेवा, मागच्या बाजूची छपाई पांढऱ्या कागदातून जशी दिसते तशी मग दिसत नाही, एवढ्याने स्कॅन एकदम स्वच्छ येतो. जुन्या रंगीत छपाईत ठिपके असतात आणि स्कॅनमध्ये त्यांच्या लाटा उमटतात, स्कॅनरमध्ये डीस्क्रीन असेल तर ते वाचायच्या प्रतीसाठी चालू करा, पण एक प्रत ठिपक्यांसकट मूळ ठेवा, त्या ठिपक्यांतच त्या काळची छपाई आहे. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, थेट ऊन नाही अशा जागी, फोटोफ्रेमची स्वच्छ काच पानावर ठेवून फोन बरोबर वर समांतर धरून फोटो काढा. हे स्कॅन आपल्यापुरते, वाटत सुटायचे नाहीत.

यादी करताना भाषा, अंक क्रमांक, पिना बदलल्या का, डबा कुठला, एवढं लिहा. इंद्रजालचा सरळ क्रमांक ऐंशीच्या दशकात बंद होऊन वर्ष आणि अंक अशी पद्धत आली, त्यामुळे दोन्ही रकाने ठेवा.

दिवाळी अंक

ऑक्टोबर हीटमध्ये डबे एकदा उघडून मीटर बघायचे, सिलिका तापवायची, आणि तेवढ्यात नवे दिवाळी अंक येतात. नवा अंक लगेच पिशवीत घालू नका, शाई ताजी असते, आठवडाभर उघडा राहू द्या, तोवर घरातले सगळे वाचूनही घेतात. शि. द. फडणीसांची बिनशब्दांची मुखपृष्ठं असलेले मोहिनीचे जुने अंक कोणाकडे असतील तर कव्हरवर बटर पेपर घालून आडवेच ठेवा. आणि आवाजमधली खिडकीचित्रं, ती कापलेली झडप उघडझाप करून कोपऱ्यात फाटते, म्हणून झडप बंद करून तिच्यामागे पातळ बटर पेपरचा तुकडा ठेवा आणि अंक उभा न करता आडवा ठेवा, वर वजन काही नको.